त्याने आमच्यामध्ये वस्ती केली: मुंबईतल्या घरचा नाताळ, पहिल्या मेणबत्तीपासून शेवटच्या ताटापर्यंत

डिसेंबर लागला की आमच्या मजल्यावर दोन प्रश्न ठरलेले असतात. पोरांचा प्रश्न, सांता खरंच येतो का? आणि बायकांचा प्रश्न, तुमच्यात नाताळला नेमकं काय असतं गं? या दुसऱ्या प्रश्नाला मी कित्येक वर्षं 'केक, फराळ आणि चर्च' एवढंच उत्तर देत आले. ते खोटं नव्हतं. पण दिवाळीत काय असतं असं विचारल्यावर कुणी 'चकली आणि फटाके' म्हणावं, तशातलं होतं.

माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. लग्नानंतरची अठरा वर्षं परळच्या चाळीत काढली, आता भांडुपला सोसायटीत आहोत. घरात प्रोटेस्टंटांची उपासनाही आहे आणि कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थनाही, त्यामुळे खाली लिहिलेलं कुठल्या एका मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नियमपुस्तक समजू नका. पहिल्यांदाच स्वतःच्या घरी नाताळ मांडणाऱ्या जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. शेजारच्या घरात नाताळ असतो म्हणून ज्यांना कुतूहल आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी गोष्ट नीट वाचा

खरेदी, केक, तारा हे सगळं नंतर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून बायबल काढा. लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओवी आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायाच्या अठराव्या ओवीपासून दुसऱ्याच्या बाराव्यापर्यंत, एवढंच वाचायचं. लूक आणि मत्तय ही येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं. मोठ्याने वाचलं तरी दहा मिनिटांच्या आत होतं. घरात नुकतं वाचायला लागलेलं मूल असेल तर त्यालाच वाचू द्या; अडखळत वाचलेलं सगळे लक्ष देऊन ऐकतात.

वाचताना एक खेळ करा. आपल्याला पाठ असलेल्या नाताळातलं काय काय या पानांवर नाही, ते शोधायचं. गाढव नाही. 'जागा नाही, पुढे जा' म्हणणारा खाणावळवाला नाही, शाळेच्या नाटकात मात्र त्याला हमखास चार वाक्यं असतात. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असं कुठेच लिहिलेलं नाही. भेटी तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसंही तीन झाली. ते गोठ्यात आले असंही नाही, मत्तय 'घरात' म्हणतो. आणि २५ डिसेंबर ही तारीख तर नाहीच. रोममध्ये या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची जुनी नोंद इ. स. ३३६ ची आहे. तारखेवरून वाद घालणारा कुणी भेटला तर त्याला हे खुशाल सांगा. आपण तारखेचा वाढदिवस करत नाही.

मग काय उरतं? रोमच्या सम्राटाने काढलेल्या नावनिशीच्या हुकमामुळे एक जोडपं नासरेथहून बेथलेहेमला येतं. अंतर साधारण मुंबई-पुण्याएवढं, आणि बाईचे दिवस भरलेले. 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' असं मराठी बायबल म्हणतं. उतारशाळा म्हटलं की आपल्याला लॉज आठवतो. लूकने वापरलेला मूळ ग्रीक शब्द मात्र घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही लागू पडतो. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे. त्या मुलखातल्या साध्या घरात माणसं वरच्या भागात आणि गुरं रात्री खालच्या भागात अशी सोय असे, गव्हाणही तिथेच. त्यामुळे अनेक अभ्यासक म्हणतात की हे जोडपं रस्त्यावर टाकलेलं नव्हतं. नातेवाइकांनी भरलेल्या घरात, जिथे सरकून जागा झाली तिथे ते टेकलं. मला हे वाचताना आमची परळची खोली आठवते. दहा बाय बाराची, मे महिन्यात गावचे अकरा जण. कुणी माळ्यावर, कुणी गॅलरीत, आणि बाळंतीण भाची ओट्याखालची जागा रिकामी करून तिथे. जागा नव्हतीच. तरी झाली.

योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाण नाही, मेंढपाळही नाहीत. तिथे पहिल्याच अध्यायात, चौदाव्या ओवीत, नाताळचा सगळा अर्थ एका वाक्यात आहे: शब्द (म्हणजे ख्रिस्त) देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी 'वस्ती' लिहिलं तेव्हा त्यांच्या मनात मुंबई नसणार. पण मुंबईत वस्ती म्हटलं की ताडपत्री, बांबू, नळावरची रांग आणि पावसात आत शिरणारं पाणी डोळ्यांसमोर येतं. देव तिथे राहायला आला, असं ते वाक्य सांगतं. भेट देऊन, हार घालून घेऊन परतला नाही. राहिला. यापुढचं सगळं, गव्हाण मांडणं असो की ताट वाटणं, या एका वाक्यावरून ताडून बघा. जे बसत नाही ते गाळलं तरी चालेल.

शेजारणीने 'म्हणजे अवतारच ना?' असं विचारलं तर घाईने 'नाही नाही' म्हणू नका. समजून घेण्यासाठी तिच्याकडे तोच शब्द आहे. मी म्हणते, जवळचा शब्द आहे, पण आमच्यात याला देहधारण म्हणतात. ते एकदाच झालं आणि पुरतं झालं असं आम्ही मानतो. त्याला भूक लागली, तो दमला, रडला, मेलासुद्धा. बहुतेक वेळा त्यावर दोन मिनिटं गप्पा होतात आणि मग विषय करंजीच्या सारणावर जातो. ठीक आहे, तिथेच जाऊ द्यावा.

चार रविवार

नाताळच्या आधीचे चार रविवार मागे मोजा. पहिला नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तिथून आगमनकाळ सुरू. वाट बघण्याचा हा काळ बाजाराने जवळजवळ खाऊन टाकला आहे. मॉलमध्ये नोव्हेंबरातच झाड उभं असतं आणि २६ तारखेला सेल. घरात तरी चार आठवडे जपावेत.

पितळी ताट घ्या. त्यात आंब्याची किंवा अशोकाची पानं गोल मांडा. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि मधोमध एक पांढरी. दर रविवारी जेवणाआधी एक वाढवत जायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी, पांढरी नाताळच्या रात्री. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर साध्या पांढऱ्यांना जांभळी रिबीन गुंडाळा, पण ज्योत खाली येण्याआधी ती काढा. आमच्याकडे एकदा राहिली होती, पानं पेटली आणि सासूबाईंनी आमटीचं पातेलं ताटावर उपडं केलं. त्या वर्षी तिसऱ्या रविवारी आमटी नव्हती.

मेणबत्ती लावल्यावर लांब प्रार्थना नको. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायाच्या चार ओळी वाचा आणि घरातल्या प्रत्येकाने एका माणसाचं नाव घ्यावं, ज्याच्याकडे या वर्षी जायचं आहे. नाव कागदावर लिहून ताटाखाली सरकवा. दोघांच्या घरातही चार रविवारांत सात-आठ नावं जमतात. वाटायची यादी तीच. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून यादी काढली की सगळ्यांना सारखी पुडी जाते आणि कुणाकडेच जाणं होत नाही.

गव्हाण मांडणं

इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरी गुरं आणि खरा पेंढा आणून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. घरोघरच्या देखाव्यांची परंपरा तिथून पसरली. मुंबईत खरी गुरं नकोत, जागा दोन फूट बाय दीड फूट पुरे. कपाटाचा माथा, शिवणयंत्राचं झाकण, काहीही चालतं.

एक काम मात्र दहा-बारा दिवस आधी करायला हवं. १२-१३ डिसेंबरच्या सुमारास नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवा आणि पसरट डब्याच्या झाकणात बोटभर मातीवर दाट पेरा. रोज थोडं पाणी शिंपडा, उन्हाच्या खिडकीत ठेवा. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना हे शिकवावं लागत नाही. आमच्या समोरच्या वहिनींनीच मला सांगितलं की पाणी ओतू नकोस, शिंपड, नाहीतर बुरशी धरते. २४ तारखेपर्यंत वीतभर कोवळं गवत येतं. प्लॅस्टिकच्या हिरव्या चटईपुढे ते काय दिसतं, ते एकदा बघाच.

पेंढा विकत घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटात किंवा तुमच्या नाक्यावरच्या फळवाल्याकडे पेट्यांमधला पेंढा आणि कागदाच्या कातरणी पडलेल्याच असतात, मागितल्या की मिळतात. डोंगराला गोणपाट किंवा चुरगाळून कॉफीच्या पाण्यात बुडवलेला कागद. दिव्यांची माळ एलईडीचीच घ्या, तिचा जोड पेंढ्याला लागू देऊ नका आणि खरी मेणबत्ती देखाव्यात अजिबात नको.

मांडायचा क्रम महत्त्वाचा. आधी गुरं आणि मेंढपाळ. मग योसेफ आणि मारिया. गव्हाण रिकामी. बाळ २४ च्या रात्री, चर्चमधून आल्यावर, घरातल्या सर्वांत लहानाच्या हातून. मागी लोकांना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवा, फ्रिजवर वगैरे, आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा; ते ६ जानेवारीला, त्यांच्या येण्याच्या सणाला, पोचतात. माझा धाकटा लहान असताना एका मागीला रोज शाळेच्या दप्तरात घालून न्यायचा. त्या वर्षी पूर्वेकडून दोघंच आले.

तारा खिडकीत लावताना तो बाहेरच्या माणसाला दिसेल असा लावा. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून महिनाही झालेला नसतो, हूक तोच असतो. आमच्या चाळीत एका वर्षी शेजाऱ्यांनी कंदील उतरवलाच नाही. म्हणाले, तुमचा तारा एकटा बरा दिसत नाही.

फराळ आणि ताट

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आनंद वाटताना सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात आणि त्या सगळ्या मी केलेल्या आहेत.

आधी दिनदर्शिका उघडा. मार्गशीर्षातले काही गुरुवार बहुधा डिसेंबरात येतात. मजल्यावरच्या निम्म्या घरांत महालक्ष्मीचा घट बसलेला असतो आणि त्या दिवशी अंडंसुद्धा चालत नाही. चतुर्थी कधी आहे तेही बघा. वर्षभर आपल्याकडचं मटण मागून खाणारी बाईसुद्धा गुरुवारी केकचा तुकडा हातात घेऊन अवघडते. जैन शेजाऱ्यांना अंड्याचं कधीच नाही, आणि ताट सूर्यास्ताआधी पोचवा. सूर्यास्तानंतर न जेवणारी घरं बरीच असतात. मुसलमान शेजाऱ्यांच्या केकसाठी फळं रममध्ये भिजवू नका. आम्ही दोन बरण्या करतो, एक रमची आणि एक संत्र्याच्या रसाची. रसाची बरणी फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरायची, ती महिनाभर टिकत नाही. बरणीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा, अंदाजावर राहू नका.

सगळ्यांना चालेल असा एक पदार्थ हाताशी हवाच. आमच्याकडे करंज्या आणि कलकल. गोव्याकडून आलेले लोक करंजीला नेवरी म्हणतात. कलकल अंड्याशिवाय असे: अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. तीन चमचे तूप गरम करून त्यावर घाला आणि पीठ हाताने चोळा. मूठ वळली पाहिजे. मग नारळाचं दाट दूध लागेल तसं घालत घट्ट मळा, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. तासभर झाकून ठेवा. गोटीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि सोडवून उलट गुंडाळायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. काटे पुरत नसतील तर नवीन कंगवा धुऊन घ्या. आच मध्यमच्याही खाली ठेवा. पिठात साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लाल होतं आणि आत कच्चं राहतं. तळून निघाल्यावर कागदावर, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात.

हे काम एकटीने करायचं नाही. गोळ्या वळायला शेजारची पोरं बोलवा. दोन तास चालतं, निम्मं पीठ पोटात जातं, पण नाताळचा खरा शिरकाव दुसऱ्याच्या घरात तेव्हाच होतो. तयार ताट घेऊन आपण दारात जातो तेव्हा ते लोक पाहुण्यासारखे वागतात. काटा हातात घेऊन पीठ वळताना कुणी पाहुणं राहत नाही.

आता माझी मोठी चूक. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात मी प्रत्येक ताटात, करंज्यांच्या खाली, एक छापील पत्रक ठेवलं. येशू कोण आहे, तारण म्हणजे काय, असं. हेतू वाईट नव्हता. समोरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे ताट रिकामं न पाठवता साखर घालून परत केलं. साखरेच्या खाली ते पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला त्यांचं ताट आलं, पण नेहमीसारखं त्या स्वतः घेऊन आल्या नाहीत; मुलाच्या हातून आलं. मला समजायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून नियम असा: ताट आणि पत्रक एका हातात नाही. भेटीच्या पोटात गळ असेल तर समोरच्याला तो टोचतोच, आणि सध्याच्या दिवसांत तर लोक आधीच हात आखडून घेतात. याचा अर्थ तोंड शिवून घ्यायचं असाही नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा की आमचा देव गव्हाणीपाशी जन्मला, हा त्याचा आनंद आहे. विचारणारा ऐकायला बसलेला असतो. न विचारणाऱ्याला करंजी पुरे.

ज्या घरात त्या वर्षी मयत झालं आहे, तिथे सणाचं गोडधोड करत नाहीत. आपल्याकडेही आणि शेजाऱ्यांकडेही. यादीत ते घर सर्वांत वर ठेवा. तिथे ताट नेलं की दारातून फिरू नका, आत बसा. शुभेच्छा म्हणायच्या नाहीत. गेलेल्या माणसाला काय आवडायचं ते विचारा. एकदा अशा घरी मी पाऊण तास बसले आणि त्यातली चाळीस मिनिटं फक्त त्यांच्या आईच्या फणसाच्या भाजीवर गेली.

गाणी घेऊन फिरायचं तर

कॅरलला निघण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन दिवस आधी सांगा. नाताळच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी सात ते साडेनऊ, एका मजल्यावर दोनच गाणी. तान्हं बाळ, आजारी माणूस आणि दहावी-बारावी असलेली घरं आधी विचारून ठेवा. डबा फिरवणार असाल तर पैसे कुठे जाणार ते निघतानाच मोठ्याने सांगा, नंतर हिशेबही लावा.

गाणी मराठी घ्या, हा माझा हट्ट आहे. इंग्रजी कॅरल सुरू झालं की मजल्यावरचे लोक छान टाळ्या वाजवून दार लावून घेतात. ढोलकी, पेटी आणि झांजा निघाल्या की दार उघडं राहतं. आपल्याकडे खजिना कमी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट (येशूसंघाच्या) धर्मगुरूने ख्रिस्तपुराण ओवीत रचलं आणि १६१६ मध्ये ते गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) भजन-कीर्तन मंडळीत रुजवलं. आमच्या नगरकडच्या आजीला एकही इंग्रजी कॅरल येत नव्हतं आणि तिचं काही अडलं नाही.

चोवीसची रात्र

'मध्यरात्रीची मिस्सा' हे आता पुष्कळ ठिकाणी नावापुरतंच आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर सहसा चालत नाही, त्यामुळे मैदानात होणारी मिस्सा संध्याकाळीच सुरू होते. वेळ आपल्या चर्चच्या फलकावर बघून घ्या, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. बसायला जागा हवी असेल तर पाऊण तास आधी पोचा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मुख्य उपासना बहुधा २५ च्या सकाळी असते. मुंबईत याला जुनी सोबत आहे: फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालच्या नाताळच्या दिवशीच उपासनेसाठी उघडलं. चर्चगेट हे नावही त्याच चर्चवरून आलं, हे रोज तिथे उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

शेजाऱ्यांना बरोबर नेणार असाल तर त्यांना तीन गोष्टी आधीच सांगा. चपला बाहेर काढाव्या लागत नाहीत. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहा, बसतील तेव्हा बसा, गुडघे टेकायची सक्ती नाही. आणि तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: मिस्सेत शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात आणि फादर त्यांना लहान पांढरी भाकर देतात. तो आपल्या देवळातल्यासारखा सर्वांसाठीचा प्रसाद नव्हे. बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच तो असतो. आपण जागेवर बसून राहावं, किंवा पुढे जाऊन हात छातीवर आडवे ठेवावेत, म्हणजे फादर आशीर्वाद देतात. आमच्या एका मैत्रिणीला हे मी सांगायला विसरले. ती रांगेत पोचली, हात पुढे केला आणि तिथे मागे फिरावं लागलं. बिचारी मला काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत मीच मान वर केली नाही. चूक तिची नव्हती, माझी होती.

रातपाळी

लूकच्या गोष्टीत बातमी पहिल्यांदा कुणाला कळते? गावात झोपलेल्यांना नाही. मेंढपाळ रात्री कळपावर पहारा करत होते. सरळ मराठीत, रातपाळीवर होते.

माझे सासरे गिरणीत विणकर. एका नाताळला त्यांची रातपाळी लागली आणि रजा नामंजूर झाली. शेजारच्या मागांवर एक मालवणी जोडीदार होता. तो म्हणाला, तू जा, तासाभरात ये, तुझे माग मी बघतो. दोघांचे माग एकट्याने सांभाळायचे म्हणजे काय, ते विणकरालाच ठाऊक. धागा तुटला की धावायचं, इकडून तिकडे, कापसाच्या धुरळ्यात. सासरे धावत जाऊन मिस्सेला मागे उभे राहिले आणि परत आले. सकाळी पाळी सुटल्यावर घरी न जाता ते आधी त्या जोडीदाराच्या खोलीवर करंज्या घेऊन गेले. १९८२ च्या संपानंतर तो माणूस गावी गेला. सासरे असेपर्यंत दर नाताळला त्याच्या पत्त्यावर डबा जायचा, आणि गणपतीत तिकडून खाजं यायचं.

म्हणून आमच्या घरी शेवटचा फेरा २४ च्या रात्री, चर्चहून आल्यावर असतो. तुम्हीही करून बघा. दोन मोठे थर्मास चहा, दहा-बारा कागदी पुड्या. पुडीत करंजी, कलकल, केकचा तुकडा, आणि कुणी अंडं खात नसेल म्हणून दोन-चार पुड्या वेगळ्या खुणेच्या. सोसायटीचे दोन्ही वॉचमन, पोलीस चौकी, पहाटेच्या कचरागाडीवरची माणसं, रिक्षा स्टँड. जायच्या आधी नाव माहीत करून घ्या. चार वर्षं ज्याला आपण 'वॉचमन' म्हणून हाक मारतो, त्याला नाव असतं. चहा त्यांच्याबरोबर तिथेच उभ्याने प्या. फोटो काढू नका, काढलाच तर तो ग्रुपवर टाकू नका.

रुग्णालयात जायचं असेल तर मात्र वेगळी तयारी हवी. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पेशंट आणि नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात, आणि सणाच्या दिवशी तिथे गोडाचे डबे घेऊन बरेच जण येतात. केमोथेरपी चाललेल्या माणसाला घरचं, उघडं, तळलेलं अन्न देऊ नका. जंतुसंसर्गाचा धोका असतो. पेशंटला काही द्यायचंच तर आधी तिथल्या समाजसेवा विभागाला विचारा. नातेवाइकांना जेवणापेक्षा उपयोगी पडतात ते सुटे पैसे, फोनचा चार्जर, पांघरूण, आणि तुम्ही पेशंटजवळ बसता म्हणून त्यांना मिळालेली अंघोळीची अर्धा तास सुट्टी. आम्ही परळला असताना हे शेवटचं सर्वांत जास्त मागितलं जायचं.

सहा जानेवारीपर्यंत

नाताळ २५ ला संपत नाही, तेव्हा सुरू होतो. यादीतली सगळी नावं एका दिवसात उरकायची गरज नाही. २७-२८ तारखेला, सगळ्यांच्या घरचा उत्साह ओसरल्यावर गेलेलं ताट जास्त लक्षात राहतं. या दिवसांत कुणी आपल्याला जेवायला बोलावलं तर 'आमच्याकडेच बरंच उरलंय' असं म्हणून टाळू नका, जा.

पोरांचा सांताचा प्रश्न राहिला. मी त्यांना सांगते की निकोलस नावाचे एक बिशप होते, चौथ्या शतकात, मायरा नावाच्या गावचे. ते गरिबांना मदत करायचे अशी आठवण आहे आणि त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. लाल कपडे नंतर आले. बहुतेक पोरांना एवढं चालतं. एकाने विचारलं होतं की मग ते चिमणीतून कसे यायचे? मी म्हटलं, आपल्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे, तुझं तू बघ.

सहा तारखेला मागी पोचले की दुसऱ्या दिवशी देखावा उतरवायचा. मूर्ती जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवा, दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी ती सोडवण्यात आगमनकाळाचा पहिला रविवार जातो. नाचणीचं गवत तोवर पिवळं पडायला लागलेलं असतं. ते कचऱ्यात टाकू नका. आमच्या नाक्यावर देवळाबाहेर एक मावशी गाय घेऊन बसते, लोक तिच्याकडून चाऱ्याची पेंडी विकत घेऊन गाईला घालतात. पहिल्या वर्षी मी गवत घेऊन गेले तेव्हा तिने विचारलं, किती पैसे? मी म्हटलं, पैसे नकोत, आमच्या गव्हाणीतलं आहे. तिने काही विचारलं नाही. झाकण घेतलं, गाईपुढे ठेवलं, आणि गाईने मातीसकट ओढायला सुरुवात केली तशी 'माती नाय खायाची गं बया' म्हणत तिचं तोंड बाजूला केलं आणि मुळं झाडून एकेक जुडी तिला भरवत बसली.